ठिणगीचे दप्तर: जुन्या एमजीचे स्पार्क प्लग आणि 'अस्सल'पणाचा वाद

१/ पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर हल्ली अष्टकोनी चिन्हाच्या एमजी गाड्या सर्रास दिसतात. हा अष्टकोन मूळचा ऑक्सफर्डच्या 'मॉरिस गराजेस'चा. सेसिल किंबर यांनी १९२०च्या दशकात तिथे हलक्या, चपळ गाड्या घडवल्या. १९२९ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डन हे एमजीचे घर होते. आज त्या नावाची मालकी एका चिनी कंपनीकडे आहे. अष्टकोन तोच राहिला, कारखाना, यंत्र आणि माणसे सारी बदलली. नाव टिकले म्हणजे वस्तू टिकली का, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवा नाही. या धाग्यात तोच प्रश्न तळहातावर मावणाऱ्या एका वस्तूला विचारला आहे. ती वस्तू म्हणजे स्पार्क प्लग.

२/ उदाहरणादाखल एमजीबी ही गाडी घेऊ. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनमध्ये ही दोन आसनी स्पोर्ट्स कार बनली. तिच्या निरनिराळ्या आवृत्त्या मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. इंजिन १७९८ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, त्यावर एसयू जातीचे दोन कार्ब्युरेटर. चार सिलिंडर म्हणजे चार प्लग. जगभर आजही या गाड्या मोठ्या संख्येने चालत्या आहेत आणि त्यांचे मालक एका वादात अखंड गुंतलेले असतात: प्लग कोणता घालावा? पुस्तिकेत छापलेला, की आजच्या बाजारातला?

३/ या धाग्याची भूमिका आरंभीच स्पष्ट करणे बरे. पुस्तिकेतला प्लगचा क्रमांक हे एक ऐतिहासिक साधन आहे. साधनाचा मान ठेवायचा तर ते कोणी, कधी, कोणत्या परिस्थितीसाठी लिहिले हे आधी पाहावे लागते. क्रमांक डोळे मिटून पाळणे ही भाबडी पोथीनिष्ठा आणि तो फेकून देणे हा उद्दामपणा. गाडीचे अस्सलपण प्लगच्या खोक्यावरील नावात नसून, तो प्लग ज्या हेतूने निवडला गेला त्या हेतूत आहे. शिवाय जुना प्लग न वाचता कचऱ्यात टाकणे म्हणजे न वाचलेला कागद जाळणे होय.

४/ आता थोडा पूर्वेतिहास. १८६० साली एतिएन लेन्वार यांनी पॅरिसमध्ये कोळशाच्या वायूवर चालणारे इंजिन सिद्ध केले. त्यात मिश्रण पेटवण्यासाठी विजेची ठिणगी होती. पण वेगाने फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनात दर फेरीला नेमक्या क्षणी खात्रीची ठिणगी पाडणे फार अवघड निघाले. पुढची चाळीस वर्षे काहींनी उघड्या ज्योतीचा, काहींनी तापवून लाल केलेल्या नळीचा आधार घेतला. १९०२ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील अभियंता गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग अशी जोडी तयार केली. आजच्या प्लगची वंशावळ खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते.

५/ ठिणगीपेक्षा कठीण होते ते ठिणगीला वाट चुकू न देणे. हजारो व्होल्टचा प्रवाह मधल्या कांडीतून जाऊन थेट टोकालाच उडी मारील, मध्येच लोखंडी कवचात शिरणार नाही, यासाठी दोहोंमध्ये निरोधक हवा. पहिली निवड चिनी मातीची. पण ती उष्णतेने तडकत असे. दुसरी निवड अभ्रकाची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाला पत्री अभ्रक पुरवणाऱ्या देशांत भारत अग्रभागी होता आणि आजच्या झारखंडातील कोडरमा-हजारीबाग हा त्याचा मुख्य पट्टा. युरोपच्या शर्यतीच्या गाड्यांत आणि विमानांत वापरल्या गेलेल्या अभ्रकी प्लगांच्या इतिहासात त्या खाणींतल्या श्रमाचाही वाटा आहे. प्लगच्या खोक्यांवर मात्र त्याचा उल्लेख आढळत नाही.

६/ अभ्रकी प्लगांशी जोडलेले मोठे नाव केनेल्म ली गिनेस यांचे. ते शर्यतपटू होते. १९२२ साली ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर ताशी १३३.७५ मैल वेगाचा भूवेगाचा विक्रम त्यांनी केला. त्यांच्याच आद्याक्षरांवरून 'केएलजी' हे प्लग ओळखले गेले. इंग्लंडातले दुसरे नाव 'लॉज'. ते भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांच्या मुलांनी उभे केले. १९३०च्या दशकात भट्टीत घट्ट भाजलेल्या ॲल्युमिनाचा निरोधक आला आणि अभ्रकाचे राज्य संपत गेले. आज बाजारात मिळणाऱ्या प्लगचे पांढरे अंग त्या ॲल्युमिनाचेच असते.

७/ एमजीबीच्या पुस्तिकेतील नाव मात्र 'चॅम्पियन'. या नावाची कथा मनोरंजक आहे. आल्बेर शांपियों हा पॅरिसचा सायकलपटू. १८९९ ची पॅरिस-रूबे शर्यत त्याने जिंकली. पुढे तो अमेरिकेला गेला आणि भागीदारांसह त्याने प्लगचा व्यवसाय उभारला. लवकरच भागीदारांशी फारकत झाली. 'चॅम्पियन' हे नाव भागीदारांकडेच राहिले, म्हणून त्याच्या नव्या उद्योगाला पुढे स्वतःच्या आद्याक्षरांचे 'एसी' हे नाव घ्यावे लागले. एकाच माणसाच्या नावातून निघालेल्या दोन कंपन्या अनेक दशके एकमेकींच्या स्पर्धक होत्या. ज्याच्या नावाने खोके ओळखले जाई, तो माणूस त्या खोक्याच्या कंपनीत नव्हताच.

८/ पुढे चॅम्पियन कंपनीही विकली गेली: १९८९ साली एका उद्योगसमूहाकडे, १९९८ साली दुसऱ्याकडे. भारतातही असेच घडले. १९५१ साली बंगळुरूत स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे 'मायको' हे नाव इथल्या कित्येक पिढ्यांच्या गॅरेजांत प्लगचे दुसरे नावच होते. आज ती कंपनी बॉश या नावाने चालते. तेव्हा 'पुस्तिकेत लिहिलेल्या कंपनीचाच प्लग घातला, म्हणून माझी गाडी अस्सल', या युक्तिवादाचा पायाच डळमळीत आहे. आजच्या खोक्यावरचे नाव जुने असते. आतला प्लग त्या जुन्या कारखान्यातला असेलच असे नाही.

९/ मग पुस्तिकेतल्या 'एन९वाय' या क्रमांकाचा अर्थ काय? तो उलगडून वाचावा लागतो. 'एन' म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाचे आटे आणि पाऊण इंच, अर्थात सुमारे १९ मिलिमीटर, लांबीचा आटेदार भाग. 'वाय' म्हणजे निरोधकाचे नाक कवचाबाहेर डोकावणारे. मधला '९' म्हणजे उष्णतेची श्रेणी. पुस्तिका त्यापुढे गॅप सांगते: ०.०२५ इंच, म्हणजे सुमारे ०.६३ मिलिमीटर. सांकेतिक लिपीतील हा आदेश आहे: आटे एवढे, खोली एवढी, नाक असे, उष्णता इतकी, अंतर इतके. कंपनीचे नाव हा या आदेशातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग.

१०/ उष्णतेची श्रेणी हा यातला गाभा. इंजिन चालू असताना प्लगचे नाक साधारण ५०० अंश सेल्सियसच्या वर तापलेले असावे. म्हणजे त्यावर बसणारी काजळी आपोआप जळून जाते. पण ते ८५० अंशांच्या फार वर गेले, तर नाकच निखारा बनते आणि ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटू लागते. अवेळी पेटलेले मिश्रण वर येणाऱ्या पिस्टनवर दाब टाकते, आणि काही मिनिटांत पिस्टनला भोक पडू शकते. नाक लांब असले की उष्णता निसटायला वेळ लागतो, तो 'गरम' प्लग. नाक आखूड असले की ती चटकन सिलिंडर हेडमध्ये जाते, तो 'थंड' प्लग. ठिणगीच्या तापमानाशी या नावांचा संबंध नाही.

११/ आता खरी मेख. चॅम्पियनच्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितका प्लग गरम. जपानच्या एनजीके कंपनीच्या पद्धतीत नेमके उलटे: आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉशच्या जुन्या तीन अंकी पद्धतीत मोठा आकडा थंड प्लगचा होता, तर नव्या पद्धतीत मोठा आकडा गरम प्लगचा. म्हणून 'नऊच्या जागी नऊ' असा हिशेब करून कोणी एनजीकेचा नऊ श्रेणीचा प्लग एमजीबीत घातला, तर तो शर्यतीच्या इंजिनाला शोभेल इतका थंड निघेल आणि शहरातल्या वाहतुकीत काजळीने बंद पडेल.

१२/ मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे चाळणाऱ्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. एखाद्या पत्रावर नुसता वर्षाचा आकडा असतो. तो शक आहे, सुहूर सन आहे, की हिजरी? शक असेल तर इसवी सन काढताना ७८ किंवा ७९ मिळवायचे. सुहूर असेल तर ५९९ किंवा ६००. सुहूर सन हिजरी समजून वाचला, तर घटना काही वर्षे सरकते आणि तिच्यावर रचलेला सारा युक्तिवाद कोसळतो. आकडा स्वतःहून काही सांगत नाही. तो कोणत्या गणनेतला हे कळल्यावरच बोलू लागतो. प्लगच्या बाबतीत चूक झाली तर युक्तिवाद कोसळत नाही, पिस्टन वितळतो, एवढाच फरक.

१३/ एन९वायला एनजीकेच्या गणनेत जुळणारा प्रचलित पर्याय बीपी६ईएस. 'बी' म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, 'पी' म्हणजे पुढे आलेले नाक, '६' ही मध्यम श्रेणी, 'ई' म्हणजे १९ मिलिमीटर लांबी. कंपनी वेगळी, देश वेगळा, आकडाही वेगळा. पण १९६०च्या दशकातील अभियंत्याने जे मागितले होते ते सारे त्यात आहे. उलट आटे तेच पण लांबी आखूड असलेला जुना चॅम्पियन मिळाला, तर नाव मूळचे असूनही प्लग चुकीचा: ठिणगी खोबणीत आत दडेल आणि हेडमधले उघडे राहिलेले आटे काजळीने भरतील. लांबी जास्त झाली तर पिस्टन किंवा झडप प्लगला आदळण्याचा धोका. या दोहोंत अस्सल कोणता, याचे उत्तर खोक्यावर शोधता येत नाही.

१४/ इथवर शब्दार्थ झाला, आता संदर्भ. पुस्तिका लिहिली गेली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे होते. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड या संयुगाने इंजिनाची ठोकर थांबते असे आढळले आणि १९२३ पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले. शिशाच्या विषारीपणाची जाणीव आरंभापासून होती. तरी ते पेट्रोल जगातून जायला जवळजवळ शतक लागले. ब्रिटनमध्ये त्याची सर्वसाधारण विक्री १ जानेवारी २००० रोजी थांबली, भारतात १ फेब्रुवारी २००० रोजी. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये संपले.

१५/ शिसे प्लगच्या नाकावरही बसत असे. त्याचा थर तापला की विजेचा वाहक बनतो आणि ठिणगीची वीज त्यावरून गळून जाते. म्हणून तेव्हाच्या पुस्तिका दर ६,००० मैलांना प्लग साफ करायला आणि १२,००० मैलांना बदलायला सांगत. त्याच काळात 'बिस्किटी तपकिरी' हा निरोगी प्लगचा रंग ठरला. शिसे गेल्यावर तोच निरोगी प्लग बराच फिका, राखाडीकडे झुकणारा दिसतो. जुन्या पुस्तकातला रंग प्रमाण मानून आजच्या फिक्या प्लगला 'उपाशी' ठरवणारे मालक कार्ब्युरेटर विनाकारण ढवळतात. त्यांनी साधन वाचलेले असते; साधनाचा काळ मात्र वाचलेला नसतो.

१६/ शिशानंतर इथेनॉल आले. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचे महाग पेट्रोल वेगळे ठेवले आहे. भारतात हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा प्राणवायू असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीचा संगणक हे ओळखून इंधन वाढवतो. एसयू कार्ब्युरेटरला ते कळण्याचा मार्ग नाही. मिश्रण विरळ होते, ज्वलन अधिक तापते आणि प्लग पांढरा पडू लागतो.

१७/ अशा वेळी पुष्कळ जण 'एक श्रेणी थंड' प्लग घालून मोकळे होतात. हा उपाय लक्षणावरचा आहे. प्लग थंड केल्याने मिश्रण विरळ राहण्याचे थांबत नाही; फक्त त्याची साक्ष देणारा साक्षीदार गप्प होतो. एमजीबीच्या ८.८ ला १ या दाबगुणोत्तराला चांगल्या ऑक्टेनचे पेट्रोल लागते. ते मिळत नसेल तर ठिणगीची वेळ किंचित मागे घ्यावी, कार्ब्युरेटरचे मिश्रण आजच्या इंधनाप्रमाणे लावावे आणि नंतर प्लग पाहावा. सुस्थितीतल्या, मूळ घडणीच्या इंजिनाला मूळ श्रेणीच योग्य असते. श्रेणी बदलण्याचे कारण उद्भवते ते इंजिन शर्यतीसाठी वाढवले असेल, किंवा झिजून तेल पिऊ लागले असेल तेव्हा.

१८/ विरुद्ध पक्षाचे म्हणणे हलके नाही. शुद्धतावादी म्हणतात: आज प्लग बदलला, उद्या इग्निशन, परवा कार्ब्युरेटर, शेवटी अष्टकोन सोडून मूळचे काय उरणार? ही भीती साधार आहे. पुरातन वास्तूंच्या जतनासाठी १९६४ ची व्हेनिस सनद आहे आणि तिच्याच धर्तीवर ऐतिहासिक वाहनांसाठी पुढे ट्यूरिन सनद झाली. कमीत कमी हस्तक्षेप करावा आणि केलेला बदल नोंदवावा, हे त्यांचे सांगणे. पण त्याच ट्यूरिन सनदेने वाहनाचा वापर हाही त्याच्या वारशाचा भाग मानला आहे. चालणे हाच ज्या वस्तूचा धर्म, तिचे झिजणारे भाग बदलणे ओघानेच आले. प्लग मुळात झिजण्यासाठीच बनवलेला असतो आणि तो काढून पूर्वीचा परत बसवायला पाच मिनिटे लागतात. इतका परतवता येणारा बदल गाडीत दुसरा नाही.

१९/ उरला प्रश्न १९६०च्या दशकातल्या न वापरलेल्या, खोकेबंद प्लगांचा. ते अजूनही विक्रीला येतात आणि प्रदर्शनाच्या हौसेने मोठी किंमत देऊन घेतले जातात. या धाग्याचे मत असे की, असा प्लग इंजिनात घालणे हाच खरा इतिहासद्रोह. खोक्यावरील छपाई, आतला कागद, धातूवरचा मुलामा हे सारे मिळून ती वस्तू साधन बनते. शंभर मैल चालवली की ती निव्वळ जुना प्लग होते. ती जपावी आणि रस्त्यावर नवा प्लग वापरावा. खरेदी करतानाही सावध असावे: नामांकित कंपन्यांच्या नावाचे बनावट प्लगही बाजारात फिरतात. संशयास्पद स्वस्त किंमत, पुसट छपाई, वाकडे टोक, सैल वायसर ही बनावटीची लक्षणे. खोट्या सनदा ओळखायला शिकलेल्यांना हे जड जाऊ नये.

२०/ दुसऱ्या टोकाला इरिडियमचे प्लग. आधुनिक गाडीत ते उत्तम: बारीक टोक, कमी झीज, दीर्घ आयुष्य. पण जुन्या गाडीत दीर्घ आयुष्य हा गुण नसून प्रलोभन आहे. कारण 'आता प्लगकडे पाहायला नको' असे वाटू लागते, आणि कार्ब्युरेटरच्या इंजिनाचे आरोग्य कळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग बंद होतो. त्यांचे नाजूक टोक गॅप लावताना मोडण्याचाही धोका असतो. साधा निकेलचा प्लग स्वस्त असतो आणि पुन्हा पुन्हा तपासता येतो. इग्निशन इलेक्ट्रॉनिक करून घेतले असेल तर मात्र रोधक असलेला प्रकार, म्हणजे बीपीआर६ईएस, घ्यावा. नाहीतर ठिणगीचा विद्युत गोंगाट त्या नाजूक मंडलाला बिघडवू शकतो.

२१/ आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम हेडमधून प्लग काढताना आटे दुखावतात. एमजीबीचे हेड बिडाचे असल्याने थोडे सोशिक आहे; जॅग्वारच्या एक्सके इंजिनासारखे हेड ॲल्युमिनियमचे असेल तर हा नियम मोडूच नये. वायरींवर १ ते ४ क्रमांकांच्या चिठ्ठ्या लावाव्यात. ठिणगीचा क्रम १-३-४-२ आहे. वायरींची अदलाबदल झाली की इंजिन खोकते. टोपी धरूनच ओढावी, वायर ओढू नये. प्लगभोवतीची धूळ आधी ब्रशने वा हवेने उडवावी, म्हणजे ती सिलिंडरमध्ये पडणार नाही. मगच पाना सरळ बसवून प्लग सैल करावा.

२२/ काढलेले चारही प्लग क्रमाने एका फळीवर मांडावेत. क्रम चुकला की पुरावा गेला. एमजीबीत पुढचा कार्ब्युरेटर १ आणि २ क्रमांकांच्या सिलिंडरांना पोसतो, मागचा ३ आणि ४ यांना. पहिले दोन काळे आणि नंतरचे दोन फिके दिसले, तर दोष प्लगांचा नाही. दोन कार्ब्युरेटरांचे मिश्रण जुळलेले नाही. एकच प्लग तेलाने ओला असेल, तर त्या सिलिंडरच्या रिंगा किंवा झडपेची नळी झिजली आहे. चारही कोरडे काळे असतील, तर मिश्रण दाट आहे किंवा गाडी केवळ जवळच्या फेऱ्या मारते आहे. टोके गोलाटली असतील, तर प्लगने आपले आयुष्य भोगले आहे. एकेकटा प्लग थोडे सांगतो. चौघांची साक्ष ताडून पाहिली की अर्थ लागतो.

२३/ साक्ष कोणत्या क्षणी घेतली हेही महत्त्वाचे. पाच मिनिटे जागेवर धडधडत ठेवलेल्या गाडीचा प्लग काळाच दिसणार. तो त्या पाच मिनिटांची हकिगत सांगतो, मागच्या प्रवासाची नव्हे. खरे वाचन हवे असेल तर मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर गाडी नेहमीच्या वेगाने काही मैल चालवावी, मग क्लच दाबून इंजिन बंद करावे, गाडी कडेला थांबवावी आणि ते निवल्यावर प्लग काढावा. घटनेच्या जवळची नोंद दूरच्या आठवणीपेक्षा विश्वासार्ह, हा नियम इथेही लागू.

२४/ नवा प्लग खोक्यातून काढून थेट बसवू नये. फीलर गेजने गॅप मोजावी, ०.०२५ इंचाचे पाते किंचित घासत सरकले पाहिजे. कमी-जास्त असेल तर बाहेरचे वाकडे टोकच वाकवावे, मधल्या कांडीवर वा पांढऱ्या नाकावर जोर देऊ नये. अमेरिकेसाठीच्या उत्तरकालीन एमजीबींत इलेक्ट्रॉनिक इग्निशन आल्यावर ही गॅप ०.०३५ इंच झाली. म्हणजे 'एमजीबीची गॅप' हे एकच एक सत्य नाही, गाडीचे साल आणि बाजारपेठ पाहावी लागते. प्लग आरंभी बोटांनीच फिरवावा. हात पोचत नसेल तर रबरी नळीचा तुकडा त्याच्या शेंड्यावर चढवावा. आटे तिरपे लागले तर नळी निसटते आणि हेड वाचते. वायसर टेकल्यावर नव्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो. त्याहून अधिक ताकद हे कौशल्य नव्हे.

२५/ शेवटचे काम बहुतेक जण करत नाहीत, आणि या धाग्याचा आग्रह त्याचाच आहे. एक वही ठेवावी. तारीख, गाडीचे मैल, प्लगचा पूर्ण क्रमांक, गॅप, पेट्रोलचा प्रकार, चारही प्लगांचे रंग आणि केलेला बदल, एवढे लिहायला दहा मिनिटे लागतात. एमजीबी बनवणारा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. ती घडवणारी पिढी सरत चालली आहे. कारखान्याने काय ठरवले होते हे पुस्तिकेत आहे. पण शिसे गेल्यावर आणि इथेनॉल आल्यावर ही इंजिने प्रत्यक्षात कशी चालली, याचे दप्तर कोणत्याही कारखान्यात नाही. ते मालकांच्या आणि मेकॅनिकांच्या हातात आहे आणि बहुतांश ठिकाणी ते कचऱ्याच्या डब्यात जाते.

२६/ भारतातील जुन्या गाड्यांबाबत तर हे अधिकच खरे. इथे सुटे भाग नसताना मिस्त्रींनी स्कूटरचे, मोटारीचे, जे हाती आले ते प्लग पारखून गाड्या चालत्या ठेवल्या. ती विद्या तोंडी आहे आणि तिची नोंद क्वचितच झाली. ज्या तरुणाला इतिहासाची आवड आहे, त्याने मोडी शिकावी, ताम्रपट वाचावेत. आणि जवळच्या जुन्या गॅरेजातल्या वृद्ध मिस्त्रींसमोर वही घेऊनही बसावे. कोणत्या गाडीला कोणता प्लग चालला आणि कोणता चालला नाही, हे त्यांना विचारावे, आणि 'का' हेही विचारावे.

२७/ सारांश: क्रमांक उलगडून वाचावा, गणना ओळखावी, काळाचा फरक ध्यानात घ्यावा, मूळ श्रेणी सकारण सोडावी, आणि जुने चार प्लग फेकण्यापूर्वी क्रमाने मांडून पाहावेत. शक्य असल्यास ते कागदात गुंडाळून, तारीख घालून ठेवावेत. चार प्लगांना जागा फारशी लागत नाही.

(धागा समाप्त)